देवाची भीती खरी असते, मग हात का थांबत नाही?

पाणंद | सोमवार, रात्री ९:४०

गेले काही दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतोय. थोडं सविस्तर लिहितो.

माझे चुलते माळकरी आहेत. तिशीत माळ घातली, आता सत्तरी उलटली. तेव्हापासून एकादशी चुकलेली नाही, मांसमच्छी वर्ज्य, तंबाखूही त्याच दिवशी सुटली. आळंदीहून पंढरपूरपर्यंत पायी वारी करतात, गुडघे गेलेत तरी. गावात कुणी वारलं की गरुडपुराण वाचायला त्यांनाच बोलावतात. रौरव, कुंभीपाक यांची वर्णनं वाचताना त्यांचा आवाज कापतो. मी शेजारी बसून ऐकलंय, तो कापरा खोटा नाही.

याच माणसाने आपल्या विधवा बहिणीला, माझ्या आत्याला, 'सोसायटीच्या कर्जासाठी सही लागते' असं सांगून तालुक्याला नेलं आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली. आत्याला लिहिता-वाचता जेमतेम येतं. येताना तिला नवं लुगडं घेऊन दिलं. साक्षीदार म्हणून माझ्या वडिलांची सही आहे. ते आता नाहीत. घरातून बाहेर पडताना देव्हाऱ्याला हात लावल्याशिवाय त्यांनी कधी चप्पल घातली नाही.

मला ढोंगी बुवा-महाराजांबद्दल विचारायचं नाही. त्यांचं कोडं सोपं आहे, त्यांना देव नकोच असतो. मला विचारायचंय ते खरोखर भिणाऱ्या माणसाबद्दल. ज्याला नरक आहे याची खात्री आहे, त्याचा हात अशा कागदावर कसा चालतो?

जास्वंद | सोमवार, रात्री ९:५८

वाचतेय. माझ्या आईनेही अशीच सही केलीय, तिच्या बाबतीत काय लिहिलंय ते माहीत असून. 'माहेर तुटायला नको' म्हणून.

शून्य | सोमवार, रात्री १०:१०

पाणंद, मला उत्तर साधं वाटतं. त्यांचा विश्वास नाही. त्यांना वाटतं की आहे, पण नाही. तापल्या तव्यावर हात ठेवला की भाजतो यावर ज्याचा विश्वास असतो तो हात ठेवत नाही, त्यासाठी वारी करावी लागत नाही. विश्वास माणसाच्या वागण्यावरून ओळखायचा. गरुडपुराण वाचताना आवाज कापतो, तसा भुताची गोष्ट सांगतानाही कापतो.

दुपारची ओपीडी | सोमवार, रात्री ११:२५

शून्य, असहमत. मी तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतो. साखर ३२० असलेला माणूस समोर बसतो. त्याच्या भावाचा पाय गुडघ्याखाली काढलाय, त्यानेच त्याला खांद्यावर घेऊन माझ्याकडे आणलं होतं. म्हणजे विश्वासाचा प्रश्नच नाही, शिक्षा डोळ्यांनी पाहिलेली. तरी लग्नाच्या पंगतीत जिलेबी सुटत नाही. विचारलं तर म्हणतो, 'एवढ्या एकीने काय होतंय.'

हे वाक्य मी हजारदा ऐकलंय आणि ते खोटंही नाही. त्या एका जिलेबीने खरंच काही होत नाही. तवा लगेच भाजतो, साखर पंधरा वर्षांनी. नरक तर मेल्यावर. शिक्षा जितकी लांब तितकी ती मोठी असूनही हलकी वाटते. पाणंदच्या चुलत्यांचा बांधही दर नांगरटीला वीतभरच सरकत असणार. एका रात्रीत दहा फूट सरकवायला सांगितलं तर त्यांची छाती होणार नाही.

पाणंद | सोमवार, रात्री ११:४०

डॉक्टरसाहेब, बांधाचं मी लिहिलंच नव्हतं. तुम्हाला कसं कळलं? शेजारच्याचा बांध खरंच असाच सरकतोय.

दुपारची ओपीडी | सोमवार, रात्री ११:४४

सगळीकडे असाच सरकतो हो. बांधावरून डोकी फुटलेले लोक टाके घालायला माझ्याकडेच येतात.

मुनीम | मंगळवार, सकाळी ७:१५

चाळीस वर्षं वह्या लिहिल्या, म्हणून मला यात हिशेब दिसतो.

बहुतेक भाविक लोक पाप-पुण्याचं एकच खातं धरतात. वारी जमा, अन्नदान जमा, बहिणीचा हिस्सा नावे. शिल्लक जमेची निघाली की झालं. आमच्या पेढीवर एक गिऱ्हाईक होतं. दिवाळीला वह्यांची पूजा झाली की खोट्या बिलांच्या रकमेचा अंदाज घ्यायचं आणि त्या मानाने देवस्थानाला देणगी पाठवायचं. मनापासून पाठवायचं, पावतीसुद्धा मागायचं नाही. त्या माणसाला रात्री शांत झोप लागायची, कारण त्याच्या लेखी खातं चुकतं झालेलं असे.

पण आपल्याच शास्त्रात ही वजाबाकी नाही. कर्मविपाक म्हणतो की पुण्य वेगळं भोगायचं, पाप वेगळं भोगायचं, भोगल्याशिवाय दोन्ही सरत नाहीत. महाभारतात स्वर्गारोहणपर्वात खुद्द युधिष्ठिराला नरक पाहावा लागतो. द्रोणांना अश्वत्थाम्याबद्दल जे अर्धसत्य सांगितलं त्यापायी. आयुष्यभराची धर्मनिष्ठा पदरात असून ते एक वाक्य वजा झालं नाही. ही कथा कीर्तनात सगळे ऐकतात, पण घरी जाताना अजामिळाची घेऊन जातात. मरताना मुलाला 'नारायणा' म्हणून हाक मारली आणि सुटला, ती. दोन्ही कथा आपल्याच आहेत, त्यातली सोयीची लक्षात राहते.

शून्य | मंगळवार, सकाळी ८:०२

मुनीमकाका, हे पटलं. पण मग शिक्षेची भीती काय कामाची, जर तिच्या शेजारीच सुटकेचं दार ठेवलेलं असेल?

पुढची तारीख | मंगळवार, सकाळी ९:३०

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. पिक्चरमध्ये दाखवतात तसा गीतेवर हात आमच्याकडे कुणी ठेवत नाही. १९६९ च्या शपथ अधिनियमाप्रमाणे साक्षीदार ईश्वरसाक्ष शपथ घेतो किंवा प्रतिज्ञेवर सांगतो. बहुतेक लोक 'ईश्वरसाक्ष' म्हणतात आणि पाचव्या मिनिटाला खोटं बोलतात. हे मी रोज ऐकतो.

आता याची दुसरी बाजू. दोन भावांचा वाद होता, सात वर्षं चाललेला. माझ्या पक्षकाराने प्रतिज्ञापत्रावर धडधडीत खोटं लिहिलं होतं, ते मला नंतर कळलं. तडजोडीच्या बैठकीत समोरचा भाऊ एवढंच म्हणाला, 'दादा, चल खंडोबाच्या देवळात. भंडारा उचल आणि सांग की विहिरीला मी पैसे दिले नाहीत. मी आत्ता केस काढून घेतो.' माझा पक्षकार उठला, बाहेर जाऊन पाणी प्याला आणि आत येऊन म्हणाला, 'अर्धी विहीर त्याची लिहा.'

देव तोच. कोर्टातही तोच साक्षीला होता. पण कोर्टातला देव छापील वाक्यातला, देवळातला देव त्याच्या कुळाचा. आणि समोर भाऊ उभा, गाव बघणार. म्हणून शून्य म्हणतात तसं 'विश्वास नाही' हे मला पटत नाही. विश्वास असतो, पण तो सगळीकडे सारखा पसरलेला नसतो.

जुन्या काळी इंग्रजांच्या कोर्टात हिंदूंना गंगाजलावर आणि मुसलमानांना कुराणावर शपथ घ्यायला लावत. १८४० च्या पाचव्या कायद्याने ते बंद केलं, कारण कित्येकांच्या मनाला ती पद्धत रुचत नव्हती आणि न्यायाच्या कामात अडथळा येत होता. मला नेहमी वाटतं, ज्याला खरी भीती तो गंगाजलाला हात लावायलाच कचरला असेल, आणि ज्याला नव्हती तो पुढे येऊन घडाघडा बोलला असेल.

नेवासेवाला | मंगळवार, सकाळी १०:५०

खंडोबावरून आमचं शिंगणापूर आठवणारच. मी शेजारच्याच गावचा. तिथे घरांना चौकटी आहेत, दारं नाहीत. कुत्रं-मांजर आत येऊ नये म्हणून फळी आडवी लावतात, नाहीतर पडदा. चोरी केली तर शनिदेव आंधळं करतो ही समजूत. आम्ही लहानपणी तिथल्या शेतातलं चिंचेचं बोटूकसुद्धा उचललं नाही.

२०११ च्या जानेवारीत युको बँकेने तिथे कुलूप नसलेली शाखा उघडली, सगळ्या देशात बातमी झाली. पण त्याच सुमाराला, २०१० आणि ११ मध्ये, भाविकांचा ऐवज चोरीला गेल्याच्या तक्रारीही आल्या. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये गावात पोलीस ठाणं आलं.

बाहेरचे लोक यावर हसतात, 'बघा, शनीला पोलीस लागले.' मला हसू येत नाही. गाव लहान होतं तेव्हा प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखत होता. भीती शनीची होती आणि शेजाऱ्याच्या नजरेचीही, दोन्ही एकात एक मिसळलेल्या. आता शनिअमावास्येला लाखोंनी लोक येतात. येणाऱ्याला शनीची भीती असते, नाहीतर तो तेल घालायला आला नसता. पण त्याला शिंगणापूरच्या म्हातारीची ओळख नसते.

गूळपापडी | मंगळवार, दुपारी १:०५

एवढं जड चाललंय, थोडं हलकं सांगते. लहानपणी माझा भाऊ देवघरातल्या डब्यातले लाडू चोरायचा. देव बघतो हे आजीने त्याच्या मनावर इतकं बिंबवलेलं की तो आधी दत्ताच्या तसबिरीवर टॉवेल टाकायचा, मग लाडू काढायचा, टॉवेल काढून नमस्कार करायचा आणि पळायचा. एकदा टॉवेल काढायला विसरला आणि सापडला. आजीने मारलं नाही. पोटाशी धरून हसली आणि म्हणाली, 'बरं झालं, निदान लाजतोय तरी.'

सातासमुद्रापार | मंगळवार, सायंकाळी ६:२०

गूळपापडी, टॉवेल आवडला! यावर प्रयोग झालेला आहे. २००८ मध्ये मझार, आमिर आणि एरिअली यांनी विद्यार्थ्यांना गणितं सोडवायला दिली, फसवणूक करायची सोय ठेवली. ज्यांना आधी बायबलमधल्या दहा आज्ञा आठवायला सांगितल्या त्यांनी फसवणूक केली नाही. म्हणजे देवाची आठवण ऐन वेळी करून दिली तर माणूस सुधारतो. पाणंदच्या चुलत्यांना निबंधक कार्यालयात कुणी विठोबाचा फोटो दाखवला असता तर?

नमुना | मंगळवार, रात्री ८:४५

सातासमुद्रापार, तो प्रयोग आता आधाराला घेता येत नाही. २०१८ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून तो जसाच्या तसा पुन्हा केला आणि दहा आज्ञांचा परिणाम दिसला नाही. त्यातल्या दोन लेखकांचा प्रामाणिकपणावरचाच दुसरा एक शोधनिबंध आकडेवारी बनावट असल्याचं दिसल्यामुळे २०२१ मध्ये मागे घेतला गेला. मी याच विषयात काम करते, म्हणून राहवलं नाही.

या धाग्याला जास्त उपयोगी असा अभ्यास शरीफ आणि नोरेनझायन यांचा आहे, २०११ चा. देव मानतो की नाही याचा फसवणुकीशी संबंध दिसला नाही. देव कसा आहे असं वाटतं, याचा दिसला. ज्यांचा देव रागीट, शिक्षा करणारा होता त्यांनी कमी फसवलं. ज्यांचा देव प्रेमळ, क्षमा करणारा होता त्यांनी जास्त. हाही विद्यार्थ्यांवरचा छोटा अभ्यास आहे, त्यावर फार मोठी इमारत बांधू नये.

दुसरा जुना प्रयोग, १९७३ चा, प्रिन्स्टनचा. धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला. काहींच्या भाषणाचा विषयच वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या शोमरोनी माणसाची गोष्ट हा होता. विषयाने फारसा फरक पडला नाही, घाईने पडला. ज्यांच्याकडे वेळ होता त्यांच्यातले ६३ टक्के थांबले, ज्यांना 'उशीर झालाय' असं सांगितलं होतं त्यांच्यातले १० टक्के.

शून्य | मंगळवार, रात्री ९:१०

म्हणजे रागीट देव हवा? मग आपला विठोबा फारच मायाळू आहे. त्याच्याकडे माउली म्हणून जायचं, आईला कोण भितो?

रुक्मिणीची ओटी | मंगळवार, रात्री ९:३२

आईलाच तर माणूस सगळ्यात जास्त भितो, तिने मारलं नाही तरी. शून्य, माझ्या वडिलांनीही माळ घातलीय. त्यांनी माळेनंतर दारू सोडली आणि आमचं घर वाचलं. तेव्हा माळेने माणूस बदलत नाही असं कृपया कुणी लिहू नका. माझ्या आईला विचारा.

पाणंद | मंगळवार, रात्री ९:५०

ताई, तसं मी म्हणत नाही. चुलत्यांचीही तंबाखू माळेनेच सोडवली. त्यामुळेच तर प्रश्न पडलाय. जी माळ तंबाखूला अडवते, ती बहिणीच्या सहीला का अडवत नाही?

धारोष्ण | बुधवार, पहाटे ५:३५

पाणंद, तुमच्या या शेवटच्या वाक्याने मी रात्रभर जागा आहे. जे लिहितोय ते कधी कुणाला सांगितलेलं नाही.

माझे वडील दूध घालायचे. पंचवीस घरं आणि उरलेलं डेअरीला. डेअरीत फॅट लागायची, लॅक्टोमीटरची डिग्री बघायचे, तिथे हात राखून. पण घरोघरच्या दुधात पाणी असायचं. मीच घालायचो, हापशाचं, मापाने. मात्र दर सोमवारी महादेवाच्या अभिषेकाचं दूध जायचं, ते वेगळ्या किटलीत. ती किटली वडील स्वतः घासायचे आणि तिच्यात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचे नाहीत. एकदा मी चुकून तिच्यात पातळ दूध ओतलं, तर त्यांनी सगळं दूध उकिरड्यावर ओतलं, मला कानफटात मारली आणि देवळात नाक घासून आले. त्यांना ताप आला होता त्या रात्री, भीतीने.

आमच्या गिऱ्हाइकांमध्ये एक बाळंतीण होती. तिला अंगावरचं दूध कमी होतं, बाळाला आमचंच दूध पाजायची. तिच्या बाटलीत मी पाणी घातलं आहे. वडिलांनी घालायला सांगितलं आहे. त्यासाठी त्यांना कधी ताप आला नाही.

ते खोटे नव्हते. त्यांच्या पापाच्या यादीत देवाला पातळ दूध देणं होतं, बाळाला पातळ दूध देणं नव्हतं. ते 'धंदा' या सदरात होतं. सगळे घालतात, दर परवडत नाही, असं. माणूस पापाला भितो हो. पण पाप कशाला म्हणायचं ते आधीच ठरलेलं असतं, आणि ते ठरवताना त्या बाळंतिणीला कुणी विचारलेलं नसतं.

जास्वंद | बुधवार, सकाळी ७:२०

धारोष्ण, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आभार. याहून जास्त काही सुचत नाही.

मुनीम | बुधवार, सकाळी ७:४८

माझी काल लिहिलेली पोस्ट मी मागे घेतो. जमा-नावे नंतरची गोष्ट. आधी नोंदच होत नाही.

तळकोकण | बुधवार, सकाळी ११:१५

आमच्याकडची गोष्ट सांगते, देवराईची. देवराईतली काडी मोडायची नाही, पडलेलं लाकूडही घरी न्यायचं नाही. घेतलं तर देव घर बुडवतो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. कितीतरी ठिकाणी मूळचं जंगल फक्त या भीतीने टिकलं होतं. तेव्हा भीती काहीच करत नाही असं नाही, माझ्या गावात तिने तीन-चार माणसांनाही कवेत मावणार नाहीत अशी झाडं राखली.

मग देऊळ नव्याने बांधायचं ठरलं. जुनं कौलारू, मातीच्या भिंतींचं. स्लॅब पाहिजे, टाइल पाहिजे, मुंबईकर चाकरमान्यांनीही जोर केला. पैसे कमी पडले. मग मानकरी बसले, गुरवाने कौल लावला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: देवाच्या पाषाणाला कळ्या लावतात, उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. पहिला डावा आला. गाऱ्हाणं घालून परत लावला. तो पडलाच नाही. तिसऱ्यांदा प्रश्न बदलून विचारला, 'तुझ्याच घरासाठी घेतो, तुका मान्य आसा काय?' उजवा आला. सोळा झाडं गेली.

देवाला विचारल्याशिवाय कुणीही कुऱ्हाड उचलली नसती, इतकी ती माणसं भिणारी होती. फक्त, होकार येईपर्यंत विचारत राहिली. पुढच्या वैशाखात खालच्या वाडीची विहीर आटली, ती त्याआधी कधी आटलेली कुणाला आठवत नव्हती. माझं माहेर खालच्या वाडीत आहे. खालच्या वाडीचे मानकरी नसतात.

वसईची मेरी | बुधवार, दुपारी ३:४०

शून्यने 'सुटकेचं दार' म्हटलंय, त्यावर. आम्हा कॅथलिकांना हा टोमणा नेहमी बसतो, तुमचं बरं आहे, कन्फेशन केलं की मोकळे. बारा वर्षांची असताना मी दुकानातून दहा रुपये उचलले होते. कन्फेशनला जाऊन सांगितलं. मला वाटलं दहा वेळा प्रार्थना म्हणायला सांगतील आणि सुटेन. फादरांनी विचारलं, 'पैसे परत दिलेस?' नाही म्हटलं. म्हणाले, 'आधी ते. चोरलेलं घरात ठेवून पश्चात्ताप कसला?' दुकानदाराला दहा रुपये देताना जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात परत वाटली नाही.

आमच्या धर्मशिक्षणात भरपाई शिकवतातच. पण मोठी झाल्यावर जमिनीच्या, टँकरच्या, बांधकामाच्या पैशांचं कन्फेशन करणारी माणसं पाहिली. दहा रुपये परत करता येतात, बुजवलेलं तळं परत करता येत नाही. मग माणूस फक्त प्रार्थनाच म्हणतो.

खाडीकाठ | बुधवार, सायंकाळी ७:०५

मेरीताई, आमच्यात यासाठी शब्दच आहे. अल्लाचे हक्क वेगळे आणि बंद्यांचे हक्क वेगळे. नमाज चुकली, रोजा चुकला तर तौबा कर, तो मालक आहे, माफ करील. पण माणसाचा हक्क मारला असेल तर आधी त्या माणसाने माफ करायला हवं. शहिदाचंसुद्धा सगळं माफ होतं, कर्ज सोडून, असं हदीसमध्ये आहे.

माझे दादा १९८६ मध्ये मुंबईहून बोटीने हजला गेले. जायच्या आधी महिनाभर ते घरोघर फिरले. उधारी फेडली. ज्यांच्याशी भांडण होतं त्यांच्या दारात उभे राहिले. एका कुळवाड्याच्या घरी मी त्यांच्याबरोबर होतो. त्याच्या बापाला त्यांनी कधीतरी भाताच्या मापात फसवलं होतं. बाप मेलेला. दादा अंगणात हात बांधून उभे, 'तुझ्या बाबाचा हक्क माझ्याकडे आहे, तू घेऊन मला सोडव.' त्या माणसाला काय करावं कळेना, त्याने पायलीभर भात घेतलं आणि दादांना चहा पाजला.

आता लोक हजला जाताना व्हॉट्सॲपवर निरोप पाठवतात: काही चुकलं-माकलं असेल तर माफ करा. दोनशे जणांना एकच. आमच्यातही माणसाचे हक्क मारणारे पुष्कळ आहेत, तेही नरकाला भितात. नियम चांगला असून भागत नाही. दादांना त्या अंगणात उभं राहणं जड गेलं होतं, घरी येऊन ते जेवले नाहीत.

नमुना | बुधवार, सायंकाळी ७:३०

जैनांमध्ये संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडं' म्हणतात ते याच्या जवळचं. यहुद्यांमध्येही योम किप्पूरच्या आधी दुखावलेल्या माणसाकडे जावं लागतं, त्याचं प्रायश्चित्त नुसत्या उपासाने होत नाही.

शून्य | बुधवार, रात्री ८:१५

मी 'त्यांचा विश्वासच नाही' असं लिहिलं होतं. धारोष्ण यांची किटली वाचल्यावर ते टिकत नाही. मी नास्तिक आहे, पण यादीचं म्हणाल तर माझीही आहेच. मी लाच देत नाही, कर भरतो आणि घरकाम करणाऱ्या मावशींना पगारी सुट्टी किती देतो हे या धाग्यावर लिहायची मला लाज वाटतेय.

जास्वंद | बुधवार, रात्री ८:४०

मग आपल्याकडे वारीला निघताना आधी बहिणीच्या दारात जायची पद्धत का नाही? तुळशीला पाणी घालून निघतात, गावदेवाला नारळ फोडून निघतात.

पाणंद | शनिवार, रात्री १०:३०

तीन दिवस आलो नाही, गावी गेलो होतो. खाडीकाठ यांचे दादा आणि जास्वंद यांचा प्रश्न डोक्यात घेऊनच गेलो.

चुलते ओट्यावर बसले होते. हरिपाठ झाल्यावर मी सरळच विचारलं, 'अण्णा, आत्याची सही घेतलीत त्याची भीती नाही वाटली?' मला वाटलं, अंगावर येतील. तसं झालं नाही. त्यांना प्रश्नच कळेना. 'कसली भीती?' म्हणाले. 'लग्नात तिचं सगळं केलं. भाऊबीज कधी चुकवली नाही. पोरांना जमीन पुरली पाहिजे.' मग थोडं थांबून जे म्हणाले ते इथे जसंच्या तसं लिहितो: 'पांडुरंगाला पटलं नसतं तर त्याच सालात बोअरला चार इंच पाणी लागलं असतं का?'

तळकोकणताई, मला तुमचा कौल आठवला. अण्णांनी विचारलं नव्हतं, तरी त्यांना उजवा मिळाला होता. इतकी वर्षं मी समजत होतो की शिक्षा लांब आहे म्हणून ते भीत नाहीत. त्यांच्या लेखी निकाल केव्हाच लागला होता, आणि तो त्यांच्या बाजूने होता.

मी वाल्या कोळ्याची गोष्ट काढली. पोरांसाठी म्हणता, पोरं पापात वाटेकरी होतील का? ही गोष्ट ते स्वतः प्रवचनात सांगतात. गप्प बसले. मग मी म्हटलं, 'आत्याच्या घरी टीव्हीखाली एक गोणपाट आहे. त्यात रेशनचे तांदूळ असतात, तेच ती खाते. तुम्ही शेवटचं तिच्या घरात कधी गेलात?' त्यांना आठवेना. भाऊबीजेला आत्याच इकडे येते. सही झाल्यापासून अकरा वर्षं ते तिच्या उंबऱ्याच्या आत गेलेले नाहीत. गाव बावीस किलोमीटर आहे. पंढरपूर किती लांब आहे, हे मी बोलून दाखवलं नाही.

रात्री कधीतरी उठून ते देव्हाऱ्यासमोर बसलेले दिसले. सकाळी मला म्हणाले, 'गाडी आणलीयस ना?'

आम्ही गेलो. अण्णा दारात उभे राहिले, आत जाईनात. आत्या बाहेर आली. मला वाटलं होतं की रडारड होईल, पण ती आधी त्यांच्या गुडघ्यांकडे बघून म्हणाली, 'वारी बंद कर आता.' मग त्यांना आत घेतलं. अण्णा म्हणाले, 'अक्का, मी तुला कर्ज म्हणून सांगितलं, ते कर्ज नव्हतं.' आत्या म्हणाली, 'मला त्याच दिवशी माहीत होतं. कारकुनाने मोठ्याने वाचलं की.' अण्णा विचारतात, मग सही का केलीस. ती म्हणाली, 'तू माझ्याकडे बघत नव्हतास. खाली बघत होतास. म्हटलं, याला एवढी लाज वाटतेय तर याला नड असेल.'

मी हे लिहितोय आणि माझे हात थरथरताहेत. म्हणजे त्यांना तेव्हा लाज वाटत होती. बोअरच्या पाण्याने ती पुसून टाकली.

जमिनीचं अजून काही ठरलेलं नाही. चुलत भावांना हे आवडणार नाही. पण अण्णांनी परत येताना गाडीत विचारलं की सोडलेला हक्क परत देता येतो का. पुढची तारीख, तुम्हालाच विचारतो.

धारोष्ण | शनिवार, रात्री ११:०५

ती बाळंतीण कोण होती ते मला माहीत आहे. तिचा मुलगा आता बसस्टँडजवळ मोबाइलचं दुकान चालवतो. मी दोनदा दुकानासमोरून गेलो आणि परत आलो. उद्या पुन्हा जाणार आहे.

रुक्मिणीची ओटी | शनिवार, रात्री ११:१२

पाणंद, आत्यांना माझा नमस्कार सांगा.

पुढची तारीख | रविवार, सकाळी ८:२०

पाणंद, देता येतो. हक्कसोडपत्र आपोआप उलटत नाही, नवा दस्त करावा लागेल. अण्णा स्वतःच्या नावावरचं क्षेत्र आत्याबाईंना बक्षीसपत्राने देऊ शकतात. तोंडी किंवा नुसत्या स्टँपपेपरवर लिहून ठेवू नका, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी हवीच, नंतर तलाठ्याकडे फेरफार. आधी मोजणी करून घ्या, म्हणजे शेजारच्या बांधाचंही त्यातच कळेल. अण्णांची तब्येत बघता पोरांच्या संमतीची वाट पाहण्यात महिने घालवू नका, पण जमीन वडिलोपार्जित असेल तर त्यांचा हिस्सा त्यात किती ते मला कागद बघून सांगावं लागेल. येताना चालू सातबारा, आठ-अ, सगळे जुने फेरफार आणि त्या हक्कसोडपत्राची नक्कल आणा. आत्याबाईंनाही आणा. कागद मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवीन.